डाव्या चाकातलं पाणी

मी अजून रस्त्याने चालताना मागे वळून बघतो. भाजीची पिशवी घेऊन बाजारात निघालो तरी दर पन्नास पावलांनी मान आपोआप वळते. बायको विचारते, तुमच्या मागे कोण लागलंय? कोणी लागलेलं नाही. पण पंधरा वर्षं माझ्या मागे दोन चाकांचं एक घर धावत होतं, आणि ज्याच्या मागे घर धावतं त्याला पुढे कमी आणि मागे जास्त बघावं लागतं.

या नोकरीबद्दल दिवाळी अंकात लिहा, असं इथल्या मराठी मंडळाच्या संपादकांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर फोपनारला जाऊन रघुनाथला विचारून आलो. रघुनाथ म्हणजे ते घर ओढणाऱ्या जीपचा चालक. त्याने मला पूर्वी एक अट घातली होती. ती आता उरली नाही, म्हणून लिहितो.

माझे वडील पॉवरलूमवर होते. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी., पदार्थविज्ञान घेऊन. हे मुद्दाम सांगतो. मला त्याचा अभिमान आहे, आणि या पदवीचा पुढे संबंध येणार आहे.

बुऱ्हाणपुरातल्या एका ट्रस्टने खेड्यापाड्यांत डोळे तपासायचं काम हाती घेतलं, तेव्हा अध्यक्षांनी इंदूरकडच्या एका कारखान्यातून हा ट्रेलर बनवून आणला. हौशी लोक सहलीला नेतात तसला. आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, न्हाणीघर. त्यातला एक पलंग काढून तिथे डोळे तपासायचं यंत्र बसवलं. डॉक्टरबाई आणि त्यांची नर्स एका गावात दोन-तीन दिवस मुक्काम करायच्या, त्यातच राहायच्या, त्यातच पेशंट बघायच्या. लोक त्याला ‘डोळ्यांचा डब्बा’ म्हणायचे. माझ्या नेमणूकपत्रावर ‘शिबिर व्यवस्थापक’ असं होतं. खरं काम एकच, डब्बा वेळेवर आणि धड पोचवणे.

ज्यांनी कधी ट्रेलर ओढला नाही त्यांना वाटतं, त्यात काय आहे, इंजिनच नाही तर बिघडणार काय? मलाही तसंच वाटलं होतं. इंजिन नसलेल्या वस्तूचा त्रास असा की ती बिघडताना आवाज करत नाही. केला तरी तो मागे होतो आणि तुम्ही पुढे जीपमध्ये बसलेले असता. हुकाचा लोखंडी गोळा झिजतो. वायरिंग तुटतं. स्प्रिंगचे पाटे बसतात. घर हललं की भिंती हलतात, मग दार लागत नाही, आणि लागलं तर उघडत नाही. एकदा डॉक्टरबाईंना खिडकीतून बाहेर काढलं होतं. खाली उभ्या पेशंटच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

आणि प्रत्येक बिघाडामागे कोणीतरी असतं. निदान मी तसं धरून चालायचो. जैनाबादच्या शिबिरानंतर छत गळायला लागलं. सगळे म्हणाले, माकडं नाचली असतील. मी शिडी लावून वर चढलो. पत्रा मधोमध दबलेला, शेंगदाण्याची फोलपटं आणि विड्यांची थोटकं पडलेली. माकडं शेंगा खातील, पण विड्या ओढत नाहीत. विचारत विचारत गेलो तेव्हा कळलं, शेजारच्या मैदानात कुस्त्या होत्या आणि गावची सहा वजनदार माणसं आमच्या छतावर बसून त्या बघत होती. त्यांतले एक तर शिबिराच्या स्वागत समितीत होते.

दुसरी गोष्ट दिव्यांची. ट्रेलरचे मागचे दिवे कधी लागायचे, कधी नाही. एका वेल्डरने नुकतीच चौकट दुरुस्त केली होती. तो म्हणाला, वायर जुनी आहे, सगळी बदला. मला संशय आला. रविवारी एकटा जाऊन आडवा पडलो आणि बघितलं, तर पठ्ठ्याने अर्थिंगच्या जागेवरच रंग फासला होता. रंगातून वीज जात नाही. तेवढा खरवडला, दिवे लागले. वेल्डरला मी चार लोकांत ते सांगितलं.

हा विजय मला महागात पडला. संशय एकदा खरा निघाला की माणूस त्याला शहाणपण समजू लागतो. मी समजलो.

आता रघुनाथबद्दल. फोपनारचा, केळी पिकवणाऱ्या घरातला. शाळा चौथीपर्यंत. अंगाने बारीक, बोलणं कमी. आमच्याकडे यायच्या आधी केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून बागेच्या चिखलातून काढायचा. ट्रेलर मागे घेणं ही या धंद्यातली खरी परीक्षा. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, आणि जरा जास्त झालं की घडी घालून जीपवरच येतो. रघुनाथ एका हाताने, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास धरून, शाळेच्या फाटकातून डब्बा आत घ्यायचा. मी एकदा सगळ्यांसमोर प्रयत्न केला आणि मुख्याध्यापकांची सायकल चेपली.

“साहेब, मागं जाताना उलटं वळवा लागते,” रघुनाथ म्हणाला. “कालेजात नाही शिकवत का?”

लोक हसले, मीही हसलो. पण ते माझ्या मनात राहिलं. आज कबूल करतो.

त्याची एक सवय होती. कुठेही थांबलो की चहाच्या आधी ट्रेलरजवळ जायचा आणि चाकाच्या मधल्या भागाला, म्हणजे हबला, हाताची मागची बाजू लावायचा. आईने पोराचा ताप बघावा तसा. तळहात भाजला तर काम थांबतं, म्हणून मागची बाजू. हबच्या आत बेरिंग असतं, ज्यावर चाक फिरतं, आणि ते ग्रीसमध्ये बुडालेलं असतं. त्याच्याच भोवती ब्रेकचा ड्रम. जीपने ब्रेक दाबला की ट्रेलर मागून ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. त्यामुळे उतार उतरून आलं की हब तापलेलंच असायचं.

आता स्वागताचं सांगतो.

फोपनारचं आमचं पहिलं शिबिर. डब्बा गावात शिरला तशा पाच सुवासिनी पुढे आल्या. आपल्याकडे लग्नाची गाडी निघते किंवा नवी गाडी दारात येते तेव्हा चाकावर पाणी घालतात, तसं त्यांनी दाराच्या बाजूच्या चाकावर पाणी घातलं, मधोमध हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सगळ्यात पुढे रघुनाथची आई होती, वयाने मोठी म्हणून मान तिचा. बाकीच्यांच्या हातात तांबे होते, तिने आख्खी तांब्याची कळशी रिकामी केली. पोराने आणलेल्या गाडीचा मान होता तो. मग मलाही कुंकू लावलं, हार घातला. मागावरच्या माणसाच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कोणी हार घातला होता. माझे डोळे भरले आणि मी डॉक्टरबाईंना सांगितलं, धूळ गेली.

नंतर आम्ही ज्या गावी शिबिर ठरवायचो तिथे मी आधी एक पत्र पाठवायचो. टेबल किती, खुर्च्या किती, सावली कुठे. त्या पत्रात मी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली : स्वागतासाठी पाच सुवासिनी, पाण्यासह. कोणी मला सांगितलं नव्हतं. मला ते आवडायचं. गावंही हौसेने करायची, एकमेकांशी चढाओढ लावायची. एका गावाने तर चाकावर पाणी घालायला बँड लावला होता.

दोन वर्षांनी डावं बेरिंग गेलं. बदललं. चार महिन्यांनी पुन्हा डावंच. पावसाळ्यानंतर तिसऱ्यांदा. उजव्याला काही होत नव्हतं.

आमचं काम बाबूलाल मिस्त्री करायचे, शनवारा दरवाजाच्या पुढे त्यांचं गॅरेज. ड्रम उतरवला, बोटावर ग्रीस घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. ग्रीस मधासारखं असायला हवं, ते ताकासारखं पांढरं झालं होतं.

“साब, इसमें पानी गया है,” बाबूलाल म्हणाले. “नदी में उतारते हो क्या?”

ते सहज बोलले. माझ्या डोक्यात मात्र दिवा पेटला. पाणी, नदी, जैनाबाद. रघुनाथची सासुरवाडी तापीपलीकडे जैनाबादला. म्हणजे हा पुलावरून वळसा न घेता उथळ पाण्यातून डब्बा काढतो, किंवा घाटावर नेऊन धुतो. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला जास्त सरकतो, म्हणून डावं चाक खोल जातं. माझ्या दृष्टीने सगळं जुळलं. न जुळणाऱ्या गोष्टी मी बघितल्याच नाहीत. उदाहरणार्थ, नदीत डब्बा उतरवला तर उजवं चाक कोरडं राहतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

मी पाळत सुरू केली. टायरला खडूने खुणा केल्या. जीपचा किलोमीटरचा आकडा सकाळी लिहायचा, संध्याकाळी लिहायचा. नर्सला आडून आडून विचारायचं, वाटेत कुठे थांबला होता का? ती बिचारी म्हणायची, चहाला. मी विचारायचो, चहा कुठे? एक दिवस जीपच्या मडगार्डच्या आत ओली वाळू सापडली. रघुनाथला विचारलं. तो म्हणाला, नदीवर गेलो होतो. ट्रेलर झाडाखाली उभा केला, नुसती जीप धुतली. आधी का नाही सांगितलंस, म्हटलं. तर म्हणाला, तुमी विचारलं नाही.

मला हेच पाहिजे होतं. अर्धं कबूल केलंय म्हणजे उरलेलं लपवतोय.

त्यालाही कळलं होतं. खडूची खूण त्याने एका सकाळी स्वतःच पुसली आणि माझ्याकडून खडू मागून पुन्हा नीट ओढली. “पुसट झाली होती साहेब,” एवढंच म्हणाला.

मग ती दुपार. फोपनारचंच तिसरं शिबिर संपवून परत येत होतो. गाव सोडून थोडं पुढे आलो आणि मागून धातू घासल्याचा आवाज आला. मी वळलो तोवर डावं चाक आमच्या जीपच्या पुढे निघून गेलं होतं. आपल्याच गाडीचं चाक आपल्या पुढे पळताना बघणं हा विचित्र अनुभव आहे. समोरून एक दूधवाला मोटारसायकलवर येत होता. चाक त्याच्या कॅनला घासून केळीच्या बागेत शिरलं. एक वीत इकडे असतं तर मी आज हा लेख लिहीत नसतो, मी वेगळ्या कागदांवर सही करत असतो. डब्बा कलला, आसाने रस्ता ओरबाडला, आणि आतलं डोळे तपासायचं यंत्र पडून फुटलं. ते यंत्र आणायला अध्यक्षांनी फार धडपड केली होती.

रघुनाथने जीप सरळ धरली होती, म्हणून डब्बा उलटला नाही. उतरल्यावर आधी दूधवाल्याला पाणी पाजलं. मग चाक होतं तिथे आसापाशी उकिडवा बसला, हात लावला आणि पटकन मागे घेतला.

“गावातून निघताना थंड होतं हो,” तो म्हणाला. “मी पाह्यलं होतं.”

मी म्हणालो, तू रोजच बघतोस.

अध्यक्षांनी लेखी अहवाल मागितला. कारण स्पष्ट लिहा, म्हणाले, पुढे प्रश्न येतील. मी दोन पानं लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे आणि भाषाही. पहिल्या चार ओळींत घटना. बाकी सगळं रघुनाथ. वारंवार सूचना देऊनही, नदीपात्रात वाहन उतरवल्याची दाट शंका, चौकशीत दिलेली विसंगत उत्तरं, चालकाची बेपर्वाई. ‘दाट शंका’ लिहिताना मी क्षणभर थांबलो होतो. आधी ‘खात्री’ लिहिलं होतं, ते खोडलं. तेवढ्याने मला मी फार न्यायी वाटलो.

त्यावर चालकाचीही सही लागणार होती. रघुनाथ ऑफिसात आला, उभाच राहिला. कागद हातात घेतला, उलटसुलट केला. त्याला छापील अक्षर लागायचं, माझं जोडून लिहिलेलं नाही. म्हणाला, “काय लिव्हलं, वाचून दाखवा ना साहेब.”

मी पहिल्या चार ओळी वाचल्या. गाडी अमुक ठिकाणी, चाक निखळले, यंत्राचे नुकसान, जीवितहानी नाही. मग कागद त्याच्यापुढे सरकवला.

तो कागदाकडे बघत होता. मला वाटलं, सही कुठे करायची ते शोधतोय. मी बोट ठेवून दाखवलं. त्याने सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

आठ दिवसांत त्याची नोकरी गेली. फोपनारला बातमी अशी पोचली की डॉक्टरबाईंचा डब्बा रघ्याने मोडला. ज्या गावाने हार घातले त्या गावात आता त्याला लोक विचारायचे, काय रे, नदीत कशाला घातला होता? दुसरं कोणी ट्रस्टवाल्यांनी टाकलेल्या माणसाला गाडी देईना. तो केळीच्या कटाईला जायला लागला, डोक्यावर घड वाहायला. हे मला बाबूलाल मिस्त्रींनी सांगितलं, मी न विचारता. एवढंच सांगितलं आणि पुन्हा पाना फिरवायला लागले.

नवा चालक आला. मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, नदी नाही. तो खकनारकडचा, त्याचा तापीशी काही संबंध नव्हता. पाच महिन्यांनी डावं बेरिंग घरघरायला लागलं. बाबूलालनी ड्रम उतरवला आणि बोट माझ्यासमोर धरलं. ताक.

मला आता बाबूलालचा संशय आला. ग्रीसच भेसळीचं वापरतात. पुढच्या वेळी मी स्वतः बंद डबा विकत आणला, समोर उभा राहून भरायला लावला. भरून झाल्यावर त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “सूंघ के भी देख लो.”

त्यानंतरचं दुसरंच शिबिर असीरगडच्या उतारापलीकडच्या एका गावात होतं. मी आधी पुढे गेलो होतो. सरपंचांना यायला उशीर झाला, म्हणून हार त्यांच्याकडे अडकलेला. नाहीतर मी नेहमी दारापाशी, हार घालून घ्यायला आणि फोटोला उभा असायचो. त्या दिवशी हार नव्हता म्हणून बाजूला, चाकाजवळ उभा राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

डब्बा घाट उतरून आला, थांबला. सुवासिनी पुढे झाल्या. पहिल्या बाईने तांब्या ओतला आणि ‘चर्र’ झालं. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं. हबमधून वाफ निघाली. बायका हसल्या, एकीने पदर तोंडाला लावला. दुसरा तांब्या. तिसरा. आवाज कमी होत गेला.

पाचवा तांब्या संपला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभा होतो. पहिलं वर्ष. काचेचा चंबू तापवायचा, त्याचं तोंड पाण्यात बुडवायचं आणि वरून चंबू थंड करायचा. आतली तापलेली हवा आकसते आणि पाणी आपोआप आत खेचलं जातं. मी ती आकृती काढली होती. सरांनी ‘सुबक’ असा शेरा दिला होता.

मी खाली बसून हबला हात लावला. थंडगार. घाटातून आलेलं लोखंड पाच तांब्यांत गार झालं होतं. आतली हवा आकसली होती, आणि झिजलेल्या सीलच्या, म्हणजे हबचं तोंड बंद करणाऱ्या रबरी कड्याच्या, फटीतून तिने बाहेरचं पाणी आत ओढून घेतलं होतं. गावागणिक थोडं थोडं. आणि फक्त डाव्या बाजूला, कारण ट्रेलरचं दार डाव्या बाजूला असतं आणि मान दाराच्या बाजूला देतात. माझ्या पत्रातली ती ओळ : पाच सुवासिनी, पाण्यासह.

तेवढ्यात सरपंच आले, माझ्या गळ्यात हार घातला. फोटोत मी खाली बघतोय.

दोन दिवसांनी शिबिर संपल्यावर डब्बा थेट बाबूलालकडे नेला. बंद डब्यातलं ग्रीस, माझ्या डोळ्यांदेखत भरलेलं. पांढरं पडायला सुरुवात झाली होती. मी त्यांना सगळं सांगितलं, चंबूपासून. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “पढ़े-लिखे आदमी हो, इसलिए पानी देखा तो सीधे नदी तक गए. लोटा नहीं दिखा.”

मी दुसरा अहवाल लिहिला. त्यात कारण लिहिलं, माझ्या पत्रातली ओळ लिहिली, आणि पहिला अहवाल चूक होता हे लिहिलं. फोपनारला पाणी सगळ्यात जास्त पडायचं, तिथली कळशी मोठी होती, आणि चाक निखळलं ते तिथूनच परत येताना, हेही लिहिलं. वाहनाचा अहवाल लिहायचा तर सगळं लिहायला हवं, म्हणून कळशी कोणाची तेही लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, झालं ते झालं, जुनं कशाला उकरता? मी म्हणालो, पहिला कागद फाईलला आहे तर दुसराही तिथेच लागेल, आणि रघुनाथला परत घ्यायला हवं. एवढं तरी मी ताठ मानेने केलं. ते तयार झाले.

एका सकाळी मोटारसायकलवर फोपनारला गेलो. रघुनाथ घरीच होता. ओसरीत त्याची आई शेंगा सोलत बसली होती. तिने मला ओळखलं, पण ती उठली नाही. पूर्वी हार घातलेल्या माणसाकडे ती अशी बघत होती, जसा मी वर्षभर तिच्या मुलाकडे बघत होतो.

रघुनाथने मला मागे केळीच्या बागेत नेलं. मी कागद काढला आणि पूर्ण वाचला. एकही ओळ सोडली नाही. कळशीपाशी माझा आवाज घसरला. तो ऐकत होता, एका घडाखालचं सुकलेलं पान तोडत होता.

मी म्हणालो, मागच्या वेळी मी सगळं वाचलं नव्हतं.

“माहीत हाय,” तो म्हणाला. “कागद दोन पानांचा, अन् तुमचं वाचनं चार ओळींचं. मी शिकलो नाही साहेब, पण कागद पाहता येते मले.”

मग सही का केलीस, असं मी विचारलं. त्याने खांदे हलवले. म्हणाला, तुमी खडूनं खुणा कराले लागले, तवाच नोकरी गेली होती. सही नंतरची.

नोकरीवर परत ये, असं मी सांगितलं. त्याने तोडलेलं पान बाजूला टाकलं. मग म्हणाला, येईन. पण एक गोष्ट. “आईले कळशीचं नका सांगू. माझ्या हातून झालं असं तिले वाटलं तरी चालते. तिच्या हातून झालं, हे नाही चालनार.” आणि हे कुठे लिहायचंही नाही, ती आहे तोवर. हीच ती अट.

मी म्हणालो, पण मग गाव तुलाच बोलणार. तर म्हणाला, मी परत डब्बा घेऊन गावात आलो की गाव चूप बसते.

ओसरीत परत आलो. आई म्हणाली, कागद आणला म्हणे साहेबानं. वाचा, मलेही आयकू द्या.

मी रघुनाथकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मी वाचायला लागलो. चालक रघुनाथ यांचा काहीही दोष नव्हता. पूर्वीचा अहवाल चुकीच्या समजुतीने लिहिला गेला. चाकात पाणी गेल्याने. इथे मी एक परिच्छेद गाळला. सदर चालकास सन्मानाने परत घेण्यात यावे.

ती कागदाकडे बघत राहिली. “एवढंच?”

“एवढंच,” मी म्हणालो.

मागच्या वेळी ओळी गाळल्या तेव्हा माझा आवाज अजिबात हलला नव्हता. या वेळी हलला. तिला काय कळलं आणि काय नाही, हे मला आजही माहीत नाही. मुलाने कागद बघायची नजर कोणाकडून घेतली असेल, हा संशय मला तेव्हाच आला होता आणि तो गेलेला नाही.

रघुनाथने त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत डब्बा ओढला. पत्रातली ओळ मी बदलली : स्वागत दाराच्या पायरीवर करावे, चाकावर नाही. कारण विचारलं की सांगायचो, कारखान्याचा नियम आहे. त्याने मला माफ केलं असं तो म्हणतो. माझा पूर्ण विश्वास नाही, पण मी पाळत ठेवत नाही. त्याची आई गेल्या वर्षी वारली.

त्या सकाळी मी निघायला उठलो तेव्हा ती आत गेली आणि तीच तांब्याची कळशी घेऊन बाहेर आली. रघुनाथ जागच्या जागी थिजला. मी मोटारसायकलजवळ गेलो, खाली वाकलो आणि पुढच्या चाकाच्या मध्याला हाताची मागची बाजू लावली. गाडी दीड तास सावलीत उभी होती. चाक थंड होतं.

“घाला, आई,” मी म्हणालो.